राग रक्तात असतो का?

प्रश्न : बाई, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. वर्षभरापासून त्याचा राग अनावर झाला आहे. हातातली वस्तू फेकतो, दार आपटतो. मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीला इतक्या जोरात ढकललं की तिच्या कपाळाला टाके घालावे लागले. शाळेतून मात्र एकही तक्रार नाही. मैदानावर प्रशिक्षक चारचौघांत वाट्टेल तसं बोलले तरी मान खाली घालून ऐकून घेतो. माझे मिस्टर असेच तापट आहेत, सासरेही होते. 'आमच्या रक्तातच आहे, वय वाढलं की निवेल,' असं मिस्टर म्हणतात. जाऊबाईंनी लाळेवरून स्वभाव सांगणाऱ्या एका जनुकीय चाचणीची माहिती पाठवली आहे. त्यात रागाचं जनुकही तपासतात म्हणे. चाचणी करून घ्यावी का? आणि ते जनुक निघालंच तर पुढे काय करायचं?
– एक आई

उत्तर : ताई, चाचणी करू नका. हे मी जनुकशास्त्रावर विश्वास नाही म्हणून सांगत नाही. आयुष्यभर मी तोच विषय शिकवला, नंतर समुपदेशन केंद्रातही त्याच कामासाठी बसले. म्हणूनच कुठल्या प्रश्नाचं उत्तर जनुकाकडे असतं आणि कुठल्या प्रश्नाचं नसतं, याची मला फार काळजी वाटते. जरा सविस्तर लिहिते, कारण हे सगळं तुम्हाला घरातही समजावून सांगावं लागणार आहे.

रागाचं जनुक म्हणून ज्याचा सर्वांत जास्त गाजावाजा झाला, त्याचं नाव एमएओए. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन ही मेंदूतली रसायनं आपलं काम करून झाली की त्यांना मोडून टाकणारं एक विकर हे जनुक तयार करतं. १९९३ साली हान ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातल्या काही पुरुषांमध्ये हे जनुक साफ बंद पडलेलं होतं. त्यांची बौद्धिक वाढ थोडी कमी होती आणि हिंसक उद्रेक, आग लावणं असे प्रकार त्यांच्या हातून घडले होते. अशी कुटुंबं त्यानंतर जगभरात अगदी मोजकीच सापडली. लाळेच्या चाचणीत जे 'सापडतं' ते हे नव्हे. तिथे जनुक चालू असतं, फक्त कमी जोमाने. आणि असं कमी जोमाचं जनुक युरोपीय वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांमध्ये असतं. दर तिसऱ्या माणसात आढळणारी गोष्ट तुमच्या मुलाने बहिणीला का ढकललं हे कशी सांगणार?

आणि मिस्टरांना हे आवर्जून दाखवा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं, वडिलांकडून मिळतं ते वाय. म्हणजे सासऱ्यांचं एमएओए तुमच्या मिस्टरांकडे आलेलंच नाही आणि मिस्टरांचं मुलाकडे जाऊच शकत नाही. आजोबा, बाबा, नातू ही साखळी या जनुकाने जोडताच येत नाही. यावर कुणी 'मग तुझ्याकडून आलं असेल' असं म्हणालं, तर तेही मनाला लावून घेऊ नका. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या मुलग्यांच्या माहितीवरून अव्शालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की कमी जोमाचं जनुक आणि लहानपणी सोसलेला मार किंवा छळ या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या, तिथे मोठेपणी हिंसक वागणूक जास्त दिसली. जनुक तेच, पण बालपण धड गेलेलं असेल, तर हा वाढीव धोका दिसला नाही. पुढच्या अभ्यासांत हा संबंध कधी दिसला, कधी नाही. सगळे एकत्र केले तर मुलग्यांमध्ये तो थोडासा शिल्लक राहतो. पण तो जनुक आणि बालपण यांचा मिळून आहे, एकट्या जनुकाचा नाही.

मग 'रक्तात असतं' हे सगळंच खोटं का? नाही. तसं म्हणणं लबाडी होईल. जुळ्यांवर पन्नास वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांची २०१५ मध्ये एकत्र मोजदाद झाली. सगळ्या गुणांची सरासरी काढली, तर माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के फरक जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो. स्वभावाचेही तसेच आहे. पण हा आकडा फरकांचा आहे, आणि तोही एका समूहातल्या, एका काळातल्या माणसांच्या फरकांचा. तुमच्या मुलाच्या रागातला ४९ टक्के राग आजोबांचा आणि उरलेला त्याचा स्वतःचा, असा हिशेब त्यातून निघत नाही. आकडा मोठा आहे म्हणून गोष्ट बदलत नाही, असंही नाही. उंचीचा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास येतो. तरीही दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत. बदललं ते खाणं आणि आजारपणांचं प्रमाण. हिंसेबाबतही तेच. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात लाख माणसांमागे वर्षाला वीसच्या आसपास खून होत, विसाव्या शतकात ते एकाच्या आसपास आले. माणसं त्याच माणसांची वंशज होती.

शिवाय मिस्टरांनी मुलाला जनुकं दिली, तसं दार आपटणारे वडील रोज पाहण्याचं बालपणही दिलं. घर आणि रक्त ही दोन्ही एकाच माणसाकडून, एकदमच मिळतात. एका घराकडे पाहून त्यांची वाटणी कुणालाही करता येणार नाही. मलाही नाही.

आता तुमच्या पत्रातल्या माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे येते. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे. मैदानावर प्रशिक्षक वाट्टेल तसं बोलतात आणि मुलगा ऐकून घेतो.

म्हणजे त्याला राग आवरता येतो! अपमान चारचौघांत झालेला, शरीर दमलेलं, नाडी आधीच वाढलेली. आवरणं सर्वांत अवघड असतं अशा वेळी तो आवरतो. आणि घरी बहिणीवर तोच राग सुटतो. जनुकं दोन्हीकडे तीच, मेंदू तोच, वयात येताना वाढणारं टेस्टोस्टेरॉनही तेच. बदलतं ते समोरचं माणूस. याच्यासमोर आपण काय करू शकतो आणि केलं तर काय होईल, हे तुमच्या मुलाला नेमकं कळतं. हे कळणं मेंदूतच घडतं, मान्य आहे. पण त्यातला मजकूर त्याला रसायनांनी दिलेला नाही. प्रशिक्षकांचं पद, संघातली जागा, बहिणीचं वय, 'आमच्यात पुरुष तापटच' हे घरात हजारदा ऐकलेलं वाक्य, यांतून तो आलेला आहे.

माकडांमध्येसुद्धा असंच दिसतं. टॅलापॉइन नावाच्या छोट्या आफ्रिकी माकडांवर १९७०च्या दशकात प्रयोग झाले. नरांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांची आक्रमकता वाढली, पण ती निघाली कळपातल्या त्यांच्यापेक्षा खालच्या माकडांवर. वरच्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही, कळपातला क्रमही बदलला नाही. संप्रेरकाने जोर वाढवला, दिशा मात्र त्या कळपाच्या उतरंडीने ठरवली. माणसांत तर आणखी एक थर असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन देऊन पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला लावला. ज्यांना ते खरोखर दिलं होतं, त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. आणि आपल्याला ते दिलंय असं ज्यांना नुसतं वाटत होतं, त्या जास्त आपमतलबी वागल्या. संप्रेरक एक करत होतं आणि त्याच्याबद्दलची समजूत दुसरंच.

म्हणूनच मी चाचणीला नाही म्हणते. समजुतीचा परिणाम खरा असतो. २०१९ मधल्या एका प्रयोगात लोकांना 'तुमच्या जनुकांत दमछाक लवकर होण्याचा धोका आहे' असं सांगितलं, तेव्हा खरं जनुक कुठलंही असो, पळण्याच्या यंत्रावर ते आधीपेक्षा कमी टिकले. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात 'तुझ्यात रागाचं जनुक आहे' असा छापील कागद गेला, तर तो त्याचं काय करेल? पुढचं दार आपटताना त्याच्याकडे कारण तयार असेल. 'नाही' असा कागद आला, तर मग हा मुद्दाम करतो म्हणून घरचे त्याच्यावर तुटून पडतील. कुठलाही निकाल तुमच्या उपयोगाचा नाही.

पण डॉक्टरांकडे जरूर जा. वर्षभरात एकदम झालेला बदल आहे, म्हणून झोप किती होते, थायरॉइड, डोक्याला कधी मार लागला होता का, फिट येते का, नैराश्य, एकाग्रतेची अडचण, काही नशा, हे सगळं पाहून घ्यायला हवं. नैराश्य या वयात पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. इथे शरीर काही सांगत असेल, तर ते ऐकलंच पाहिजे.

दुसरं, एक वही करा. प्रत्येक उद्रेकानंतर चार गोष्टी लिहा : किती वाजले होते, खोलीत कोण कोण होतं, आधीच्या पाच मिनिटांत नेमके कोणते शब्द बोलले गेले, आणि उद्रेकानंतर त्याला काय मिळालं. एकांत? अभ्यासातून सुटका? वडिलांचं लक्ष? माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी अशी वही ठेवली. मुलाचा राग 'कधीही, कशावरूनही' येतो असं त्या सांगत. वहीत दिसलं, की जवळजवळ प्रत्येक नोंदीआधी कुणीतरी त्याच्या मोठ्या भावाचे गुण काढलेले होते. हे कुठल्याही रक्ततपासणीत सापडलं नसतं.

आणि धाकटीची सुरक्षितता आजपासून पाहा. कारण सापडेपर्यंत थांबू नका. राग येऊ शकतो, हात उचलायचा नाही, हा नियम घरातल्या सर्वांना हवा, मिस्टरांनाही. तुम्हाला स्वतःला मिस्टरांची भीती वाटत असेल, तर समुपदेशकाकडे पहिल्यांदा एकट्या जा आणि ते आधी सांगा.

प्रश्न : माझा भाऊ दारू पितो. व्यसनमुक्ती केंद्रात आम्हाला सांगितलं, की व्यसन हा मेंदूचा आजार आहे, त्याला दोष देऊ नका. पण तोच भाऊ कामानिमित्त तीन-तीन महिने बाहेरगावी राहतो, तेव्हा थेंबालाही शिवत नाही. घरी आला की आठवड्यात पुन्हा सुरू. आजार असेल तर गाव बघून कसा येतो? आम्ही त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवायची की नाही?
– एक वाचक

उत्तर : केंद्रातल्या लोकांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. दीर्घकाळच्या दारूने मेंदूत बदल होतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर थरकाप, फिट, भ्रम, कधी जिवावर बेतेल असं काहीही होऊ शकतं. 'इच्छाशक्ती दाखव' म्हणून कुणाला घरात कोंडून दारू तोडायला लावू नका. तेवढा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ओढ कमी करणारी औषधंही आहेत, तीही विचारा.

पण तुमचा प्रश्न त्यापुढचा आहे आणि अगदी रास्त आहे. व्हिएतनाम युद्धात असंख्य अमेरिकी सैनिक हेरॉइन घेऊ लागले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. जवळपास निम्म्यांनी तिथे अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलं होतं आणि पाचांतला एक व्यसनी झाला होता. सगळ्यांना धास्ती होती, की आता हे घरोघरी पसरणार. प्रत्यक्षात तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले, तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. बहुतेकांनी कुठले उपचारही घेतले नव्हते. मेंदूवर हेरॉइनचा परिणाम व्हायचा तो झालाच होता. पण सोबती, भीती, कंटाळा, हाताशी मिळणारी पुडी हे सगळं मागे राहिलं आणि घर, काम, माणसं पुढे आली.

तुमच्या भावाचं उलटं आहे. बाहेरगाव त्याला सोडवतं आणि घर अडकवतं. ते सैनिक जिथे व्यसन लागलं तिथून निघून आले, तुमचा भाऊ दर वेळी तिथेच परततो. यात आजार खोटा ठरत नाही. आजार मेंदूत असला, तरी त्याला चालू करणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा मेंदूबाहेर आहेत, एवढंच दिसतं. म्हणून अपेक्षा जरूर ठेवा, फक्त नेमकी ठेवा. 'आता कायमची सोड' ही शपथ कुणालाच पेलत नाही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातल्या संध्याकाळी तो कुठे असेल, कुणासोबत, पैसे कुणाकडे, जुने मित्र बोलवायला आले तर कोण काय उत्तर देणार, हे तो परतायच्या आधी त्याच्याशी बोलून ठरवा. १९९०च्या दशकात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या व्यसनींवर उपचार करताना दाखवून दिलं, की लघवीची तपासणी स्वच्छ आली की वस्तू घेण्याचं कूपन, एवढ्या साध्या कारणानेसुद्धा बरेच जण दीर्घकाळ दूर राहू शकतात. ज्याला कारण कळतं आणि त्याप्रमाणे जो कधीकधी का होईना वागू शकतो, त्याला नुसता बिघडलेला अवयव समजून वागवलं, तर त्याच्याशी बोलायचं आपणच बंद करतो.

एक मात्र विचारते. घरी असताना त्याच्याशी दारूशिवाय दुसऱ्या कुठल्या विषयावर घरातलं कुणी बोलतं का?

प्रश्न : मी अकरावीत आहे. माणूस असा का वागतो, हे मला शिकायचं आहे. मामा म्हणतात न्यूरोसायन्स घे, बाकी सगळे विषय अंदाजपंचे. ते बरोबर सांगतात का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : न्यूरोसायन्स घे, सुंदर विषय आहे. पण 'बाकी अंदाजपंचे' हे मामांचं म्हणणं मला मान्य नाही. सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याच्या अंगात ३०२ चेतापेशी असतात. कुठली कुणाला जोडलेली आहे, याचा संपूर्ण नकाशा १९८६ मध्येच छापून आला. तरीही नुसता तो नकाशा पाहून कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे आजही सांगता येत नाही, कारण त्याच जोडण्यांचं काम त्या वेळी शरीरात कुठली रसायनं आहेत, कृमी उपाशी आहे की खाऊन तृप्त, यानुसार बदलतं. तुझ्या डोक्यात अशा साधारण ८६ अब्ज पेशी आहेत, आणि तू भाषा बोलतेस, वचन देतेस, वचन मोडल्याची लाजही तुला वाटते.

निको टिंबर्गेन हे प्राण्यांच्या वागण्याचे मोठे अभ्यासक. त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. १९६३ मध्ये त्यांनी सांगितलं, की कुठल्याही वागण्याबद्दल 'का' हा प्रश्न चार प्रकारे विचारता येतो : ते शरीरात कसं घडतं, वाढीच्या काळात कसं तयार झालं, त्याचा जगण्याला उपयोग काय, आणि ते उत्क्रांतीत कुठून आलं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे ते पक्षी आणि मासे पाहून सांगत होते. माणसाच्या बाबतीत त्यात त्याचा इतिहास, त्याची माणसं आणि त्याने स्वतः दिलेलं कारण यांचीही भर पडते. म्हणून समाजशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास यांना अंदाज म्हणून उडवून लावू नकोस.

आणि संख्याशास्त्र मनापासून शिक. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅमन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांच्या भावनांची चित्रं दाखवली. हिशेबातली एक आवश्यक दुरुस्ती न करता आकडे काढले, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसली. दुरुस्ती केली, की ती नाहीशी झाली. मेंदूची रंगीत चित्रं पाहून हरखून जाण्याआधी हा मासा आठव.

सध्या जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेव, म्हणजे पुढे यातली कुठलीच वाट बंद होणार नाही.